ठिपक्यातली होडी

"तिथंच थांबा. त्या लाल पट्टीच्या आत पाऊल टाकायचं नाही."

प्रथमेशशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. इतरांच्या प्रेमकहाण्या कशा सुरू होतात मला ठाऊक नाही, माझी अशी झाली... मी दटावलं, आणि तो दारात एक पाय उचललेलाच ठेवून उभा राहिला.

बाहेर श्रावणातली सर ओसरत होती आणि हा माणूस गळ्यापासून गुडघ्यापर्यंत नारिंगी रेनकोटात. नारिंगी म्हणजे अगदी झेंडू. माझ्यासमोर दिव्यांच्या पेटीत निळ्या धाग्याचे दोन कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, ठेवलेले. सिल्वासाजवळ गलोंड्याच्या रस्त्यावर आमचा धागा रंगवायचा कारखाना आहे. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पाठवतं, त्या रंगाशी आपला रंग तंतोतंत जुळवायचा, हे माझं काम. रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं ते यासाठी. आमच्या लॅबच्या भिंती राखाडी, टेबलं राखाडी, अंगावरचे ॲप्रनसुद्धा राखाडी. शेजारी भडक काही आलं की त्याची झाक नमुन्यावर पडते आणि डोळा फसतो. मी तर नेलपॉलिश लावून आलेल्या पोरींनाही परत पाठवते. या झेंडूला कशी आत घेणार?

"अरविंद सरांनी पाठवलंय," तो म्हणाला. अरविंद सर म्हणजे आमचे लॅबचे साहेब. "रेनकोट काढला तर चालेल?"

"आत काय घातलंय?"

तो गडबडला. मान खाली घालून स्वतःकडं बघितलं आणि म्हणाला, "काळा शर्ट."

"मग चालेल."

आत येऊन त्यानं पिशवीतून तळहाताएवढी राखाडी पाटी काढली. कोपऱ्यावर पिवळाजर्द डाग.

"हे काय?"

"वरण. डबा आणि पाटी एकाच पिशवीत होते. मावशीनं झाकण नीट..."

"मावशीला कशाला मध्ये आणता? पिशवी कुणी भरली?"

"मी," तो म्हणाला, आणि हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा जास्त मिटायचा. मी ते बघितलं नाही असं दाखवलं.

तो गुहागरकडचा. मावशी इथं सिल्वासात शाळेत शिकवते, तिच्याकडं राहायचा. पुण्याच्या एका संस्थेसाठी समुद्राच्या पाण्याचा रंग मोजायचं काम करायचा. रंग मोजण्याआधी त्या पाटीवर पडणारा उजेड मोजायचा असतो, त्यावरून बाकीचा हिशेब. पाटीच पिवळी झाली तर समुद्रही खोटा निघणार. उपाय त्याला माहीत होता, बारीक पॉलिश पेपरनं धारेखाली घासायची. पण घासल्यावर ती खरंच पहिल्यासारखी झाली का, हे सांगणारं यंत्र हवं होतं. ते आमच्याकडं होतं.

मग काय, तो बेसिनपाशी घासतोय, मी पाटी पुसून यंत्राखाली धरतेय, पडद्यावर रेघ उमटतेय, निळ्या टोकाशी खाली झुकतेय... "अजून आहे हळद," मी म्हणायचे, आणि तो पुन्हा घासायला. गोल गोल, हळूहळू, एखाद्या तान्ह्या बाळाची टाळू चोळावी तसा. शेवटी रेघ सरळ आली.

"पास," मी म्हणाले. आमच्याकडं रंग जुळला की एवढंच म्हणतात.

त्यानं श्वास सोडला. मग मला विचारावंच लागलं, "पण समुद्र मोजायचा तर सिल्वासात काय करताय? इथं कुठाय समुद्र?"

त्यानं छताकडं बोट दाखवलं. "वर."

*

सगळी माणसं समुद्र आधी काठावरून बघतात. मी आधी वरून बघितला. आमच्या कँटीनमध्ये, समोशाची बशी बाजूला सारून, त्याच्या लॅपटॉपवर.

आधी मला कळेचना. एका बाजूला हिरवीतपकिरी जमीन, दुसऱ्या बाजूला... रंग. नुसते रंग. काठाशी गढूळ, मग चहाच्या साईसारखा, मग शेवाळी, मग हिरवा, आणि पार कडेला असा निळा की आमच्या अख्ख्या रॅकवर त्या शेडचा कोन नसेल. आणि मध्ये, जमिनीतून निघून, एक तांबूस जीभ पाण्यात आत आत गेलेली. तिला फाटे फुटलेले, फाट्यांना वळणं, वळणांना बारीक दोरे. ओल्या कापडावर रंगाचा थेंब पडला की पसरतो ना, तसं. पण हा थेंब मैलोन् मैल.

"ही कोण?" मी विचारलं. काय नव्हे, कोण.

"दमणगंगा."

दमणगंगा म्हणजे आमच्या पुलाखालची. रोज शेअर रिक्षातून ओलांडते ती. तिच्याकडं कधी मान वळवून बघितलं असेन तर शपथ. मी बोटानं त्या जिभेवरून उलटी मागं गेले, खाडी, मग वळणं, मग सिल्वासा, मधुबन धरणाचा पंजा... आणि गलोंड्याच्या रस्त्यावर एक पांढरा चौकोन.

"हे आमचं छप्पर," मी म्हणाले. मग मनातलं विचारून टाकलं, "यात... आमचा रंग दिसतो का हो? कारखान्याचा?"

तो हसला नाही, हे मला आवडलं. "हा तांबूस आहे तो डोंगरातला गाळ. पावसानं आणलेला. आणि हा हिरवा आहे ना, तो जिवंत आहे. डोळ्याला न दिसणाऱ्या वनस्पती, पाण्यात तरंगणाऱ्या. एवढ्या बारीक की ओंजळीत हजारो मावतील. पण एकत्र आल्या की आठशे किलोमीटर वरून दिसतात. आपल्या श्वासातला जवळजवळ निम्मा प्राणवायू त्या बनवतात."

मी श्वास घेत होते, तो मध्येच थांबला. खरंच थांबला. इतकी वर्षं मी श्वास घेत आले आणि कुणी मला सांगितलंच नव्हतं की त्यातला अर्धा तिकडून येतो.

"समुद्र आवडतो वाटतं," तो म्हणाला.

"बघितलाच नाही," मी म्हणाले. "आणि हसलात तर समोसा परत घेईन."

दमण इथून तासाभरावर. पण आमचं घर अमळनेरकडचं, घरात बोलणं अहिराणी. नाना, म्हणजे माझे वडील, मी लहान असताना इकडं कारखान्यात लागले. सिल्वासात आमलीतल्या दोन खोल्या, सहा दिवस पाळी, सातव्या दिवशी कपडे आणि झोप. फिरायला जायचं म्हणजे आमच्यात गावाला जायचं. पाणी बघायला कोण जातं?

प्रथमेश हसला नाही. माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "म्हणजे तुम्ही आधी वरून बघितलात. असं माणूस मला पहिल्यांदाच भेटतंय."

माझे कान तापले. मी समोसा खाल्ला.

*

त्याच्या कामाची गोम त्यानं त्याच दिवशी सांगितली. उपग्रह दर पाच दिवसांनी, अकराच्या सुमाराला, इथून वरून जातो. त्याच वेळेला त्यानं होडीतून तेच पाणी मोजायचं. वरच्याचं आणि खालच्याचं जुळलं, तर वरच्यावर विश्वास ठेवायचा. पण मध्ये एक ढग आला की संपलं. पुन्हा पाच दिवस थांबा.

"दिवाळीपर्यंत मुदत आहे," तो म्हणाला. "एक दिवस. एकच दिवस मिळाला तरी काम पुढं चालू राहील, तीन वर्षं, इथंच. नाही मिळाला तर गाशा गुंडाळून गुहागर."

तो सहज बोलला. मीही सहज ऐकलं. तेव्हा.

मग माझी ढगांची नोकरी सुरू झाली. पगाराविना. परतीच्या पावसाचे ढग समुद्रावरून येत नाहीत, इकडं खानवेलच्या डोंगरांवर चढतात आणि वारा फिरला की दमणकडं सरकतात. तो जेट्टीवर असायचा, त्याला डोंगर दिसायचे नाहीत. म्हणून मी लॅबच्या गच्चीवरून फोन करायचा, असं ठरलं. कुणी ठरवलं? त्यानं म्हटलं, मी नाही म्हटलं नाही.

"काय म्हणतायत डोंगर?"

"ऊन आहे. पण खानवेलच्या अंगाला कापसाचा एक गठ्ठा चढलाय."

"केवढा?"

"तुमच्या शहाणपणाएवढा."

"म्हणजे छोटाच."

"बघा, कबूल केलंत."

एकदा ढग आला. एकदा आकाश लख्ख, पण समुद्र उसळलेला, होडीच निघाली नाही. एकदा सगळं जमलं, तो पोहोचला, यंत्र काढलं, आणि रुमालाएवढा ढग येऊन नेमका त्याच्या डोक्यावर बसला. त्या दिवशी फोनवर नुसता वारा ऐकू येत होता.

"आहात ना?" मी विचारलं.

"आहे... दुर्गा, ढग नसले, तरी फोन कराल का?"

"ढग नसले तर कशाला करू?"

"सांगायला... की ढग नाहीत."

मी गच्चीच्या कठड्याला टेकले. खाली ट्रकमध्ये कोनांच्या पेट्या चढत होत्या, कुणीतरी गुजरातीत हमालाला ओरडत होतं. माझ्या छातीत मात्र कुणीतरी हळूच दार लोटलं होतं. मी म्हणाले, "बघू." पण त्या दिवसापासून मी रोजच फोन करू लागले. उपग्रह असो नसो.

आणि मग रोज रात्री उशीवर डोकं टेकलं की एकच विचार यायचा, दिवाळीआधी एक दिवस दे रे देवा. मला आता त्याच्या कामाची काळजी होती असं मी स्वतःला सांगायचे. काय सांगायचं ते सांगा, मन काही दुधखुळं नसतं.

*

उपग्रहाची दिवाळीआधीची शेवटची खेप माझ्या सुटीच्या दिवशी आली.

"तुम्हीही या," तो म्हणाला. "वरून बघितलात, आता खालून बघा."

मी मायला खरंच सांगितलं. खोटं बोलून समुद्र बघायला जावं, एवढा मला समुद्र स्वस्त वाटत नव्हता. माय कळण्याची भाकरी थापत होती. मी म्हणाले, "माय, मी दमणला जाऊ? होडीतून. एका मुलाबरोबर. त्याचं काम आहे."

तिचा हात परातीवर थांबला. मला वाटलं, झालं. तर ती म्हणाली, "मी बी येस. मी तरी कोठे देखेल शे समुंदर?"

आता बोला.

नानांना पहाटेची पाळी होती. त्यांना एवढंच सांगितलं की दमणला जाऊन येतो. ते हूं म्हणाले.

पहिल्यांदा समुद्र बघायचा, आणि... पहिल्यांदा दिवसभर त्याच्याबरोबर असायचं. मी आमलीच्या बाजारातून नवा ड्रेस आणला होता. हळदीच्या रंगाचा, असा की उन्हात स्वतःच उजेड द्यावा. आठवडाभर राखाडी ॲप्रनात असणाऱ्या मुलीला एक दिवस तरी वाटतंच ना. मायनं लग्नाकार्यातली पोपटी साडी काढली. दमणच्या जेट्टीवर आम्ही दोघी उतरलो तेव्हा कोळणींनीसुद्धा वळून बघितलं.

प्रथमेश काळ्या टी-शर्टात उभा होता. त्यानं मला बघितलं. तोंड उघडलं... मिटलं. पुन्हा उघडलं.

"छान..." तो म्हणाला, आणि एकदम होडीच्या दोराकडं वळला.

होडीवाला नारायणभाई मूळचा दमणचा. गर्द निळा सदरा, अर्धं मराठी, अर्धं गुजराती. "आवो बेन, सांभाळून. भरती छे, बराबर टाइम," म्हणत त्यानं मायला हात दिला. माय होडीत बसली ती दोन्ही कडा घट्ट धरून. खाडीतून होडी फटफटत निघाली. दोन्ही काठांचे किल्ले मागं सरकले, काठ रुंद होत गेले, आणि मग... काठच संपले.

मी काय सांगू? पडद्यावर त्याला कड होती. इथं कडच नव्हती. जिथं नजर पोहोचून थकत होती, तिथून तो पुढं सुरू होत होता. मायकडं बघितलं तर ती पदर तोंडावर धरून बसलेली, डोळे भरलेले.

"इतलं पानी," ती म्हणाली. "इतलं पानी, अन् आपुले कोन्ही सांगं नही."

प्रथमेश मात्र अस्वस्थ होता. यंत्र म्हणजे दुर्बिणीच्या नळीसारखं, काठीवर बसवलेलं. ते तो या कडेवरून त्या कडेवर नेत होता, आमच्याकडं बघत होता, पुन्हा हलवत होता. आम्हाला म्हणाला, जरा मागं बसता का. मग म्हणाला, जरा तिकडं. घाम फुटला होता त्याला. आकाशात चिंधीएवढाही ढग नव्हता, मग याला झालंय काय?

मी कडेवरून वाकून पाण्यात बघितलं. पाण्यात मी होते. म्हणजे तोंड नव्हतं, नुसती हळद. लाटेलाटेवर पिवळी झाक थरथरत होती, आणि तिच्या शेजारी पोपटी.

काळा टी-शर्ट. निळा सदरा. होडीची कडसुद्धा काळ्या रंगानं रंगवलेली. आणि मी, जी नेलपॉलिश लावलेल्या पोरींना लॅबबाहेर काढते, ज्या बाईनं याला रेनकोटासाठी दारात उभं केलं, ती मी हळद फासून त्याच्या पाटीशेजारी येऊन बसलेय.

"प्रथमेश. माझी झाक पडतेय."

"थोडीशी..."

"थोडीशी? तुम्हाला दिसत होतं?"

"जेट्टीवरच."

"मग बोलला का नाहीत? शेवटचा दिवस आहे ना हा? वेड लागलंय का तुम्हाला?" मला एवढा राग आला की मायचंही भान राहिलं नाही.

तो यंत्राच्या काठीकडं बघत राहिला. "तीनदा सांगायला आलो. पण तुम्ही पहिल्यांदा समुद्र बघायला आलात. आणि तो रंग... तुम्ही त्यात..." त्यानं मान हलवली. "झाकून घ्या, असं कसं सांगू? मला जमलं नाही. म्हटलं, गेला दिवस तर जाऊ दे."

हा माणूस तीन वर्षं ओवाळून टाकायला निघाला होता, एका हळदीच्या ड्रेसवरून.

"नारायणभाई," मी म्हणाले, "जाळ्यांवर टाकायचं काळं प्लास्टिक आहे ना?"

*

तर अशी मी, आयुष्यात पहिल्यांदा समुद्रावर आले, आणि मायला मिठी मारून काळ्या प्लास्टिकखाली बसले. आत अंधार, मासळीचा वास, उकाडा, आणि खाली होडी श्वास घेतल्यासारखी वर खाली. बाहेर प्रथमेश आकडे बोलत होता. यंत्र एकदा पाण्याकडं, एकदा आकाशाकडं, एकदा त्या पाटीकडं. त्याचा आवाज आता स्थिर झाला होता.

"पोऱ्या चांगला शे," माय माझ्या कानाशी म्हणाली.

"माय, गप बस."

"तुले आवडस ना?"

अंधारात खोटं बोलणं सोपं असतं म्हणतात. मला नाही जमलं. "आवडस," मी म्हणाले.

"मंग त्याले सांगत काब्र नही?"

"तो दिवाळीले चालना जाई, माय. आज मोजणी बिघडनी ते गया तो."

"अन् नही बिघडनी ते?"

"ते राही. आठेच."

मायनं माझा दंड घट्ट धरला. "मंग हालू नको. शांत बस. मोजू दे त्याले बरोबर."

आम्ही दोघी दगडासारख्या बसलो. मग तिला राहवेना. "मासा खास ना तो?"

"खाऊ दे ना, माय."

बाहेर आकडे थांबले होते.

"मला..." प्रथमेशचा आवाज आला, "ऐकू येतंय. प्लास्टिक पातळ आहे."

मला वाटलं, तसंच समुद्रात उतरावं आणि चालत घरी जावं. नारायणभाई खोकला. खोकला कसला, हसू दाबत होता. मग प्रथमेश जरा थांबून, अगदी हळू म्हणाला, "मासे सोडणं अवघड आहे. बाकी सगळं... सगळं कबूल आहे. कधीपासूनच."

मी ओरडले, "आधी मोज. बोलायचं ते नंतर."

तुम्ही-बिम्ही सगळं त्या प्लास्टिकखाली विरघळून गेलं होतं.

पुन्हा आकडे सुरू झाले. मग थांबले. आणि तो म्हणाला, कुणी झोपलेलं जागं होऊ नये तसा, "आत्ता... आत्ता वरून चाललाय."

लाटांचा लपलप आवाज तेवढा. मला काहीच दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी काय, त्यालाही तो दिसत नव्हता. पण आठशे किलोमीटर वर, ढगांच्या, विमानांच्या, हवेच्याही वर काहीतरी जात होतं, आणि आम्ही ज्या पाण्यावर बसलो होतो तेच पाणी बघत होतं. नेमकं हेच. नेमकं आत्ता. अंधारात मायनं हात जोडले. मीही जोडले.

मग प्लास्टिक वर गेलं, आणि उजेड असा आदळला की मी डोळे मिटले. उघडले, तर प्रथमेश समोर वाकलेला, घामानं निथळलेला, तो एक डोळा जास्त मिटवून हसणारा.

"आता बघ," तो म्हणाला. "खाली बघ."

होडीच्या एका अंगाला तांबूस, मातकट पाणी. दुसऱ्या अंगाला हिरवं. मध्ये फेसाची बारीक रेघ, वाकडी वाकडी, उत्तरेला नजर जाईल तिथवर गेलेली. दमणगंगा इथं संपत होती आणि समुद्र इथं सुरू होत होता. कँटीनमध्ये मी बोट ठेवलं होतं, तीच ती जिभेची कड. पडद्यावर दोऱ्याएवढी होती. आता मी तिच्यावर बसले होते.

मी हात बुडवला. नदीकडं पाणी कोमट लागलं, समुद्राकडं गारसर. डोंगरांवरून, माझ्या पुलाखालून, आणि तिकडून कुठून कुठून आलेली दोन पाणी माझ्या पाच बोटांतून एकमेकांत जात होती. मला रडू आलं. का ते विचारू नका. एवढं मोठं काही असतं, आणि ते आपल्या हाताला लागतं, हे मला झेपलं नाही.

प्रथमेशनंही हात पाण्यात घातला, माझ्या हाताशेजारी. मायनं पलीकडं तोंड फिरवलं आणि नारायणभाईला विचारू लागली की समुद्राचं पाणी खारट का असतं.

"दुर्गा," तो म्हणाला.

"हं."

"ढग नाहीत."

"दिसतंय मला," मी म्हणाले, आणि पाण्याखाली त्याचा हात धरला.

*

चार-पाच दिवसांनी, घरात करंज्या तळणं चालू असताना, तो आमच्या दारात आला. राखाडी शर्ट घालून. उंबऱ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "पट्टीच्या आत येऊ का?" नाना नुकतेच पाळीवरून आले होते. त्यांना काही कळलं नाही. मायनं हाताला धरून त्याला आत घेतलं.

त्यानं लॅपटॉप उघडला. आधी दोन रेघा दाखवल्या. एक वरून बघितलेल्या पाण्याची, एक आमच्या होडीतून मोजलेल्या पाण्याची. एकीवर दुसरी ठेवावी तशा. आयुष्यभर मी रंग जुळवलेत, पण असं जुळणं मी बघितलं नव्हतं. एक आकाशातून आलेली, एक मासळीच्या वासातून, आणि दोघी एकच सांगत होत्या.

"पास," मी म्हणाले.

"पुण्याहून सरांचा फोन आला होता," तो म्हणाला. "तीन वर्षं. इथंच."

मी करंजीचा झारा घेऊन तशीच उभी. तेल माझ्या पायावर ठिबकलं तरी कळलं नाही.

मग त्यानं समुद्र उघडला. तांबूस जीभ, हिरवं पाणी, मधली रेघ. तो चित्र मोठं करत गेला, करत गेला, शेवटी नुसते चौकोनी ठिपके राहिले. एका ठिपक्यावर त्यानं बाण नेला. "हा दहा मीटर बाय दहा मीटर. आपण यात होतो."

"होडी दिसत नाही," मी म्हणाले.

"तेवढी बारीक नजर नाही त्याची. पण आहोत आपण यात."

नाना पुढं सरकून बघत होते. मायनं त्यांच्या डोळ्यांसमोरून हात लांबवला आणि पिठाचं बोट त्या ठिपक्यावर ठेवलं. "हाई देखा, दुर्गाना बाप. आठे व्हतू मी. समुंदरवर. मी, दुर्गा, अन् हाऊ."

"हाऊ कोन?" नाना म्हणाले.

कढईतली करंजी तेवढी चुरचुरत होती. प्रथमेश उभा राहिला. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

नानांनी आम्हा दोघांकडं बघितलं. मायकडं बघितलं. ती साळसूदपणे लॅपटॉपवरचं पीठ पदरानं पुसत होती. मग ते पुन्हा त्या ठिपक्याकडं वळले.

"तो उपग्रह कितला वर ऱ्हास म्हने?" त्यांनी प्रथमेशला विचारलं.

"आठशे किलोमीटर. जवळजवळ."

नानांनी मान हलवली. कपाळावरचा घाम पुसला. "इतल्या वरथून त्याले दिसस," ते म्हणाले, "अन् माले घरमा बशीसन दिसनं नही."

मग त्यांनी करंज्यांची परात त्याच्यापुढं सरकवली आणि म्हणाले, जेवूनच जा आता.